शेंदराचे ठिपके

नवनगर, हुबळी
५ सप्टेंबर २०२५

चि. उत्तरास मुकुंदअण्णाचे अनेक आशीर्वाद.

फोन करू नकोस असं हजारदा सांगितलं तरी तुझा फोन वाजतोच. मला ऐकू येत नाही, तू ओरडतेस, आणि आपल्या घरची बातमी शेजारच्यांना आधी कळते. पत्रच लिहीत जा बघू.

आपल्या अप्पांची पिकअप अजून चालू झालेली नाही. काल अकराव्यांदा लावून बघितली. इंजिन फिरतं, पांढरा धूर सोडतं, दोनदा खोकतं की गप्प. दुरुस्तीला हात घालून चार वर्षं झाली गं. लायनर नवे, पिस्टनच्या रिंगा नव्या, डिझेलचा पंप गदगहून दुरुस्त करून आणला, नळ्यांतली हवा काढून काढून बोटांची सालं गेली. पंप अप्पांनी छिन्नीने केलेल्या खुणेवरच बसवलाय, म्हणजे तिथे काही चुकलेलं नाही. नट आवळला की त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका, तोही अप्पांच्याच पद्धतीने. ठिपका असला म्हणजे आपल्या हाताने आवळलाय.

मेकॅनिक बोलाव म्हणून परत लिहू नकोस. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दुकानाची भांडी पोचवून अंकोल्याहून येताना तेलाचा लाल दिवा लागला होता, आणि मी शहाणा तसाच घाट चढलो. इंजिन जाम झालं. अप्पांनी किल्लीसाठी नुसता हात पुढे केला, ती देवघरात ठेवली आणि जाईपर्यंत मला दिली नाही. मी घालवलेली गाडी मीच चालू करणार. या वयात मला दुसरं काही नको.

तुझा,
अण्णा


कोल्हापूर
१२ सप्टेंबर २०२५

ती. स्व. अण्णास उत्तराचा सा. न. वि. वि.

पत्राला ग्रीसचा वास येतो आहे, तेव्हा तब्येत ठीक असणार. मागच्या खेपेला पोह्यांनाही तोच वास होता, मी मुकाट्याने खाल्ले.

दसऱ्याला येते आहे. त्याआधी केलगेरीला अंबूताईंकडे दोन दिवस जायचंच. आपली सख्खी आत्या धारवाडात, आणि तू वर्षभर तोंड दाखवत नाहीस, असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे. गाडी दोन दिवस पळून जात नाही. माझ्या दीपश्रीला ऑफिसचं काम आहे, ती आपण गेल्यावर येईल. तुझ्या घराची जादा किल्ली माझ्याकडे आहे, ती तिला देते. सबबी सांगू नकोस, गोळ्या वेळेवर घे. आहे तशीच माया राहू दे.

तुझी,
उत्तरा


नवनगर
५ ऑक्टोबर २०२५

चि. उत्तरास खूप खूप आशीर्वाद.

तू जाऊन दोन दिवस झाले नाहीत तरी लिहितो, कारण तुझ्यासमोर मला बोलता आलं नाही. खंडेनवमीची पूजा झाल्यावर तू एकदा लावून बघ म्हणालीस. चारचौघांत हसं नको म्हणून मी टाळत होतो. आणि अयाई गं, पहिल्याच किल्लीला! आवाज मला कुठला ऐकू यायला? पण बॉनेटवर तळहात ठेवला आणि थरथर पार खांद्यापर्यंत आली. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंबूताईंनी काठी टेकत येऊन गाडीची दृष्ट काढली. मी लहान पोरासारखा रडलो, त्याची लाज वाटत नाही.

नळीत हवा अडकली असणार, दोन दिवसांत आपोआप बसली. केलगेरीला ओढून नेलंस ते बरंच केलंस म्हणायचं!

तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी अप्पांच्या फोटोसमोर किल्ली ठेवली. सांगितलं, अप्पा, मी चालू केली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं.

तुझा,
अण्णा


नवनगर
२ नोव्हेंबर २०२५

उत्तरास आशीर्वाद.

पंपाजवळ डिझेल पाझरत होतं म्हणून फडकं घेऊन पुसायला बसलो. शेंदराचे ठिपके डिझेलने जातात. पुसले की नट तपासायचा आणि परत लावायचा. पंपाच्या तीन नटांवरचे ठिपके काही केल्या जाईनात. नखाने खरवडले तर पापुद्रा निघाला. नेलपॉलिश आहे ते. खंडेनवमीला दीपश्रीच्या नखांवर होतं, तेच.

मग टॉर्च लावून बघितलं. पंप अप्पांच्या खुणेवर नाही. जवभर सरकवलाय. मी मेलो असतो तरी ती खूण सोडली नसती, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

कोण आलं होतं माझ्या घरात? खरं लिही.

मुकुंद


कोल्हापूर
९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. अण्णास सा. न. वि. वि.

वेंकटेश आला होता, गॅरेजवाला. दीपश्रीने दार उघडलं. त्याला तासभरही लागला नाही. दुरुस्तीत पंपाचे आतले भाग बदलले, म्हणून अप्पांची जुनी खूण त्याला लागू पडत नव्हती, असं तो म्हणाला. ठिपके द्यायला मीच सांगितलं. अंबूताईंनाही माहीत होतं.

अण्णा, ऑगस्टमध्ये आले तेव्हा तू गाडीच्या पायरीवर बसून रडत होतास. मी आल्याचं तुला कळलंही नाही. तू सदुसष्टचा झालास, छातीत दुखतं ते लपवतोस. गाडी चालू झाल्याचं न बघताच तू जाशील, या भीतीने मी हे केलं. चुकले. पाया पडते. पण त्या दिवशीचा तुझा चेहरा आठवला की मला पुरता पश्चात्तापही होत नाही, हेही खरंच लिहिते.

रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
उत्तरा


नवनगर
१६ नोव्हेंबर २०२५

उत्तरास आशीर्वाद.

वेंकटेशवर राग नाही. बोलावलं, त्याने काम केलं. दीपश्रीलाही काही बोलू नकोस.

अप्पांची खूण आता लागू पडत नाही, हे बरोबर आहे. तेच मला सापडायचं होतं गं. वर्ष लागलं असतं, दोन लागली असती. एक दिवस माझ्याच डोक्यात आलं असतं की अप्पांचंही चुकू शकतं, आणि भीत भीत मी पंप हलवला असता. आता शंभरदा काढून बसवला तरी ती जागा वेंकटेशचीच. सापडलंच नसतं तर नसतं, तेही माझंच असतं.

आणि त्या टाळ्या. अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं, मी एकटा खरा रडत होतो. परक्याने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. तुला काय म्हणू?

अप्पांच्या फोटोसमोरची किल्ली उचलली. खोटं सांगितलं होतं ना त्यांना. पंप परत त्यांच्या खुणेवर आणला, तिन्ही नट आवळले, शेंदूर लावला. गाडी चालू होत नाही.

माझ्या घराची जादा किल्ली तुझ्याकडे आहे, ती पोस्टाने पाठवून दे. अप्पांनी हात पुढे केला तेव्हा त्यांना किती दुखलं असेल, ते आज कळतंय.

माया आटलेली नाही. ती आहे म्हणूनच मागतो आहे.

मुकुंद