गुळवेलीवरचे पाव्हणे

१२ ऑगस्ट
नलूनं माह्या गुळवेलीवर औषध मारलं. न विचारता. अळ्या लागल्या म्हणे. लागल्या नाईत, मी ठेवल्या होत्या! त्यायचीच पुढं रंगीत पाखरं होतात. निम्म्या मेल्या. सून नाई, वैरीण हाय.
राम राम, वही. मी गिरजाबाई. चौथी शिकली, पण नजर चांगली. किसनानं, माह्या पोरानं, त्याचा जुना मोबाइल देला, काच फुटलेला.
शेजारच्या इंदुताईच्या रांगोळीचा फोटू पेपरात छापून आला, तव्हापासून बाई जमिनीवर पाय ठेवत नाई. म्हणून ठरवलं, दिवाळीच्या आत माहं नाव छापून येईन. रांगोळी कोणीबी काढते. मी पाखरायचे फोटू काढीन.

१३ ऑगस्ट
नात खुशी अमरावतीले कॉलेजात. फोनवर म्हणे, आजी, त्या पाखराले मॉथ म्हणतात. मोथा त वावरातलं गवत हाय, उपटून उपटून कंबर गेली माही. पोट्टी शिकली का बिघडली, समजत नाई. बरं, मोथा त मोथा.

१९ ऑगस्ट, दिवेलागणीले
आमच्या संत्र्याच्या बगीच्यात माह्या वारलेल्या बुढ्याचं पांढरं धोतर बांधलं, मांगून बल्ब. बुढा आत असताना त्या धोतरानं कधी एवढं काम केलं नाई.
मोथा आला. वरून वाळलं पान. पंख उघडले त आत नारिंगी, मधी काळा टिकला. मायबाई!
सगळ्या फोटूत माहा अंगठा आला. अंगठा मात्र साफ आला. हात बसला म्हणायचा.

२६ ऑगस्ट
मोथे एका जागी बसत नाई. गुळाचं पाणी अन् संत्र्याचा रस ताटल्यांत ठेवला. नलू म्हणे, आत्याबाई, त्यात औषध टाकतात, म्हणजे पाखरं मरतात. म्हटलं, तुह्या माहेरी पाव्हण्याले तसंच देत असतीन. तोंड एवढंसं झालं तिचं. त्याचा फोटू काढायचा राह्यला.

५ सप्टेंबर
बगीच्यात फळं गळून राह्यली. एकेका संत्र्याले सुई टोचल्यावानी भोक. किसना झाडाखाली बसून होता. मी पाह्यल्याबरोबर सांगितलं, नलूची बगीच्यातली फवारणी चुकली. तो म्हणे, तिनं त मी सांगतलं तसंच मारलं. बायकोचा गुलाम.
गळलेल्या फळायचा रस आयता झाला. ताटल्या वाढवल्या. मोथे बी वाढले. देव पाह्यते सगळं.

११ सप्टेंबर
शेतकऱ्यायच्या ग्रुपवर फोटू टाकला. खाली लिहिलं, आमच्या बगीच्यात मोथा लय वाढला. कृषी सहायक प्रेमसिंगनं फोटू न उघडताच उत्तर देलं, तणनाशक मारा. अशायले नोकऱ्या भेटतात!

२० सप्टेंबर
किसना शेवटी नलूले बोलला. मी काही केलं नाई. फक्त जेवताना रोज फवारणीची आठवण करून देली. नलू म्हणे, आत्याबाईच्या ताटल्या बंद करा, नाईत मी चालली. किसनानं माह्याकडे पाह्यलं. मी रडली. मले लवकर येते.
नलू दिग्रसले माहेरी गेली. पाया पडली. म्हटलं, एसटीत समोर बस, उलटी होते तुले. शेवटी सासूचं काळीज.

२२ सप्टेंबर
भाकर करपली. तव्याचा दोष. किसना न जेवता उठला. घर कसं शांत. आता फोटू चांगले येतीन.

४ ऑक्टोबर
आले! असा फोटू का पंखावरची भुकटी मोजा.
प्रेमसिंग गळलेली फळं पाह्याले आला. म्या फोटू दाखवला त वरडलाच. काकू, हेच त ते! हे पाखरू फळात सोंड खुपसून रस पिते, मंग फळ गळते. फवारणीचा काही संबंध नाई. अन् याच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात.
मंग म्हणे, एवढा साफ फोटू कोणाजवळच नाई, घेऊ का? म्हटलं घे. नाव मोठ्या अक्षरात टाक.
किसना उठला, गुळवेल मुळासकट उपटली. माह्या तापाचं औषध होतं ते. आईच्या तब्येतीची कोणाले पडली?

१७ ऑक्टोबर
छापून आलं! दिवाळीच्या आत. पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. वर लाल अक्षरात, ‘बागेचा शत्रू ओळखा. दिसताच मारा.’ मधी मोथा. खाली माहं नाव, चांगलं ठळक.
इंदुताई बराच वेळ उभी होती. म्हणे, गिरजाबाई, तुमचा फोटू लय हुबेहूब आला हो. म्हटलं, मेहनत हाय. बाकीचे काहून हसले, काय मालूम.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळ
व्यापारी बगीचा पाहून बांधावरूनच परतला.
किसना दिग्रसले गेलता, एकटाच आला. नलू म्हणे, फवारणी चुकली नव्हती एवढं आत्याबाईनं फोनवर म्हणावं, मी दिवाळीले घरी येते. संध्याकाळी फोन करते म्हणे. नाई म्हटलं त येतच नाई, कधीच.
एवढंच वाक्य. माह्या तोंडात बसत बी होतं, दुपारी म्हणून पाह्यलं. पण छापून आलेल्या बाईनं असं कोणालेबी म्हणावं का?
फोन वाजून राह्यला. किसना गोठ्यात हाय. त्यानंच येऊन उचलावा. आई पूजेले बसली म्हणून सांगावं.