आत्याचं कुर्र

५ जाने., सोम.
दिनूला मुलगी झाली. चाळिशीत बाप झालाय माझा भाऊ, अख्ख्या मुर्धा गावाला पेढे वाटत सुटलाय. म्हणाला, "ताई, बारशाला नाव तूच घ्यायचंस." एकुलती एक आत्या मी. पण स्वरयंत्र काढून वर्ष होत आलं. गळ्यातल्या व्हॉल्व्हवर बोट दाबलं की आवाज येतो, म्हणजे बेडूक बोलतो. पोर घाबरली तर?

८ जाने., गुरु.
हॉस्पि.त बोलण्याचा वर्ग. शेजारच्या राई गावचे मास्तर, मोरव्याची मावशी, वरसाव्याचा रिक्षावाला. सगळ्यांच्या गळ्याला रुमाल. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "एवढे सगळे तुमच्याच पट्ट्यातले कसे हो?" कसे म्हणजे? विडी, तंबाखू, मिशरी. आमच्या आळीत घशाचं कुणाकडे नाही ते विचारा. पूर्वी 'बाहेरचं' म्हणून मांत्रिकाकडे न्यायचे.
माझ्यासाठी आज सगळ्यांनी कुर्र केलं. मास्तरांचं ऐकून बाई हसता हसता खालीच बसल्या.

१३ जाने., मंगळ.
आई दारात मिशरी घासतेय. माझं सगळं बघूनसुद्धा. तिचा आवाज महिनाभर बसलाय. दाखवू या म्हटलं तर, "सर्दी हाय. मला काय व्हत न्हाय."
मलाही सर्दीच होती. रागाने जेवले नाही. मग रात्रीचं बोंबलाचं कालवण बघून जेवले.

१६ जाने., शुक्र.
बारसं. पाळण्यावर वाकले, बोट दाबलं. "जाई... कुर्र..." आणि बायकांनी पाठीत असे धपाटे घातले की बोटच निसटलं. नाव परत घ्यावं लागलं. वर्षभर सगळे मला काचेच्या बरणीसारखं धरत होते. आज कुणी हळू मारलं नाही. इतकं बरं वाटलं. जाई रडली नाही, नुसती ओठ मुरडत राहिली.
दिनूने मानाची साडी पुढे केली. घेतली नाही. सगळ्यांसमोर आईला म्हटलं, "मान तुझ्याकडून पाहिजे. सोमवारी घसा दाखवायला चल." आता आत्याला नाही कोण म्हणणार? आईने दिनूच्या हातातली साडी घेऊन माझ्या हातात कोंबली. मग म्हणाली, "साडी घे, येडे. येते मी."

१९ जाने., सोम.
आई सकाळपासून तयार. अंबाड्यात अबोली. पिशवीत आधार कार्ड, पाण्याची बाटली आणि मिशरीची डबी.
"ही कशाला?"
"डाक्टरला देते. घरी ऱ्हायली तर परत घासीन."
हसले, मग रडले. हॉस्पि.च्या बाकावर बसून हे लिहितेय. नंबर यायचाय. डबी अजून तिच्याच मुठीत आहे.