खुणा नसलेले विळे

४ मे, नवेगाव बांध

आज राहायला आले. घरमालकीण धुरपताबाईंनी मागचा गाईंचा कोठा मला मोकळा करून दिला. गाई कधीच विकल्या, शेणाचा वास मात्र राहिला आहे. मला तो आवडतो. मागच्या दारातून तळं दिसतं. हे तळं आमच्या माणसांनी बांधलं, असं धुरपताबाई सांगतात, ते जणू कालच फावडी धुऊन ठेवल्यासारखं.

मी का आले ते एकदा लिहून ठेवते. इथल्या बाया दिवसभर मासे कापतात. बाजारातल्या हलक्या चाकूंची धार लगेच जाते आणि मनगटं सुजतात. रुख्माताईच्या बचत गटाने ठरवलं की चाकू आपणच करायचे. शिकवणार मी. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती आईच्या मनगटातून आली आहे. आमच्या गावी, कामठ्याला, लोकांच्या भाताच्या बांधीत धान कापून तिने मला शिकवलं. मला मात्र बांधीत कधी उतरू दिलं नाही. कुठल्यातरी बाईच्या हाताला माझ्यामुळे थोडा आराम मिळाला, तर ती पदवी कामाला आली असं म्हणेन.

आई फोनवर म्हणाली, मास्तरीण व्हायचं सोडून चाकू कायले करतेस? पण हसत होती.

८ मे

पाती घासायचा डिस्क सँडर उभा राहिला! मोटर पाण्याच्या पंपाची, गोंदियाच्या मुन्नालाल भंगारवाल्याकडून आणलेली. मॅडम, इससे तो आटा भी नहीं पिसेगा, असं तो म्हणाला होता. लोखंडाची तबकडी लेथवर कापून घेतली. पहिल्यांदा फिरवली तेव्हा ती दारुड्यासारखी डुलत होती. खडू जवळ धरला तर एकाच बाजूला रेघ उठली. मागे पत्र्याची बारीक चकती घालून स्क्रू आवळला. आता इतकी सरळ फिरते की उभीच आहे असं वाटतं. तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला, पुढे काटकोनात टेबल बसवलं. बाजूला पाण्याची बादली, कारण घासताना पोलाद तापलं तर त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

धुरपताबाईंनी दारातूनच पाहिलं. आवाज करते पण काम करते, तुझ्यासारखीच हाय, म्हणाल्या.

१२ मे

पोलादाचा प्रश्न तळ्यानेच सोडवला. पाणी आटलं आहे. भेगाळलेल्या गाळात विळेच विळे! पोतंभर आणले. जुने, जीपच्या स्प्रिंगच्या कमानपट्ट्यांपासून घडवलेले. गंजाखाली उत्तम पोलाद आहे. प्रत्येकाच्या मुठीजवळ कानशीने केलेली खूण: कुठे फुली, कुठे पाखराचा पाय. कापणीला विळे मिसळू नयेत म्हणून बाया करून घेतात. आईच्या विळ्यावर दोन खाचा आहेत.

धुरपताबाईंनी पोतं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. इथे बाई मेली की तिचा विळा तळ्याला देतात, म्हणजे तिच्या हाताला विसावा मिळतो. “जनमभर कापलन बिचारीनं. आता काऊन उठवून राहिलीस तिले?”

मी नीट समजावलं. चांगलं पोलाद गाळात सडल्याने कोणालाच विसावा मिळत नाही. जिवंत बायांचे हात तरी सुटतील. त्या पोत्याला हात न लावता आत गेल्या. मला वाटलं, पटलं.

१६ मे

पहिले चाकू झाले. खुणा तर तबकडीला टेकताच गेल्या. थोड्या ठिणग्या, आणि खाली आरशासारखं पातं. हेच तर यंत्राचं सुख. रुख्माताईने त्यात तोंड पाहिलं आणि म्हणाली, एवढा चकचकीत चाकू पायला त आमच्या घरचे बुवा भांडायचंच सोडतीन. बाया हसतच घेऊन गेल्या.

१९ मे

रुख्माताई आली. चाकू फार चांगला, म्हणाली, पण हात थांबत नाही. मासे संपले तरी पाट कापत बसते. गटातल्या सगळ्यांचं तेच. हसून सांगत होती, पण डोळे हसत नव्हते.

मी तिला सांगितलं नाही. जेवताना माझी डावी मूठ आवळते आणि उजवं मनगट आपल्याकडे ओढ घेतं. धानाची मूठ धरून कापावी तसं. मला कापता येत नाही. मी कधी कापलेलंच नाही.

२१ मे

सगळे चाकू परत घेतले. बायांचे हात तत्काळ थांबले. माझा नाही.

काल धुरपताबाईंना घेऊन चाकू तळ्यात सोडले. त्यांनी काठावरून मेलेल्या बायांना नावं घेऊन हाका मारल्या. सावित्री. जमुना. कुंदा. मी मान खाली घालून उभी होते.

आज सकाळी सगळे चाकू पुन्हा काठावर. पाती माझ्या कोठ्याकडे.

धुरपताबाई म्हणाल्या, “घेतीन कशा? दुसरीचा विळा कोनी हातात घेते का? खूण कोठं हाय?” ज्या हाताने खुणा पुसल्या त्याच हाताकडे आता सगळ्या येतील, म्हणाल्या. मी कानस घेऊन बसले. पुन्हा खुणा करीन म्हटलं. पण फुली कोणाची होती? पाखराचा पाय कोणाचा? एवढं शिकले, आणि हे विचारलंच नव्हतं.

२३ मे

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा कापतो आहे. हवेत, दिवसभर. कधी झपाझप, तरण्या बाईसारखा. कधी थांबून, कळ आल्यासारखा. प्रत्येकीची रीत वेगळी. आता मला त्या ओळखू येतात – नावानं नाही –

मेल्यावरही मी यांना कामाला लावलं. फुकट. आणि वर समजावत होते –

लाइन गेलेली आहे. मशीन फिरते आहे.

आईला फोन केला, येऊ नको. ती निघाली होती.

२४ मे

आई आली. उन्हाळी धान कापायचा आहे, म्हणून विळा घेऊन आली. पोरीच्या मशीनवर धार लावायची म्हणून.

माझा हात पाहिला. खूप वेळ पाहिला. “हे कोनं शिकवलं तुले? म्या त नाही शिकवलं.” मग हात छातीशी धरून बसली. तिच्या छातीवरही तो कापत राहिला. आता धुरपताबाईंना बोलवायला गेली आहे.

विळा इथेच ठेवून –

लाइन नाही. फिरते आहे. उजव्याने आईचा विळा उचलला – मी नाही – तबकडीवर दाबला आहे – ठिणग्या –

एक खाच गेली.

आई जिवंत आहे. पण कधीतरी – तेव्हा तरी तिला विसावा –

दुसरी – अर्धी –

ओढून सुटत नाही. मोकळा हात एकच, हा लिहिणारा. तोच मध्ये घाल