पेडलमध्ये दोष नाही

२ जानेवारी, सकाळी ८.४०
गाडीच्या ब्रेकचं पेडल बरोबर नाही. आज नातीला शाळेत सोडताना जाणवलं. दाबलं की कापसात पाय घातल्यासारखं वाटतं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मी एकतीस वर्षं बस डेपोत ब्रेक तपासलेत. माझा पाय म्हणजे मीटर, असं खुद्द मॅनेजर म्हणाले होते. निरोप समारंभात का होईना, पण म्हणाले होते.
संकल्प: आठ दिवसांत दोष शोधणे. स्वतः. गॅरेजचं तोंड पाहायचं नाही.

४ जानेवारी
ब्रेक ऑइल बदललं. पाइपात हवा असणार, म्हणून बायकोला पेडलवर बसवलं आणि मी चाकाशी. हिला काम काय, तर दाब म्हटलं की दाबायचं, सोड म्हटलं की सोडायचं. तेवढ्यातही मत दिलंच. म्हणाली, पेडल चांगलं घट्ट आहे की! जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही आणि म्हणे घट्ट.

५ जानेवारी
हवा गेली. कापूस तसाच.
नव्या चपलाही भिकार निघाल्या. पायाखाली काही आहे असं वाटतच नाही. हल्ली सगळा माल फोमचा.

८ जानेवारी
शाळेपाशी नात म्हणाली की आजोबा, तुमची एक चप्पल कुठाय? पाहतो तर उजवा पाय अनवाणी. चप्पल घरी पार्किंगमध्येच राहिली होती. सबंध रस्ता कळलं नाही. एकाग्रता म्हणतात ती हीच. नातीला बजावलं, आईला सांगायचं नाही. तिनं दप्तर ठेवायच्या आधी सांगितलं.

९ जानेवारी
चिरंजीव म्हणाले, बाबा, शाळेचं आता ही बघेल, तुम्ही आराम करा. ही म्हणजे सूनबाई. मी ताट बाजूला सारलं आणि उठलो.
आराम! या घरात मला एकच काम उरलंय. दूधवालासुद्धा मला विचारत नाही, मॅडम आहेत का म्हणतो. सकाळची ती वीस मिनिटं सोडली, तर दिवसभर माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. किल्ली देणार नाही. मेलो तरी देणार नाही.

१२ जानेवारी
आठ दिवस उलटले. शेवटी गाडीच्या मिस्त्रीकडे गेलो. (संकल्प मोडला नाही. दोष मीच शोधणार, हात फक्त त्याचे.) सूनबाई उगाच मागोमाग स्कूटरवर आली.
इंजिन बंद ठेवून पेडल चारपाचदा दाबायचं, मग दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर चांगला असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली जातं. मी बसलो. नाही गेलं. मिस्त्री बसला, म्हणाला गेलं. सूनबाई बसली, म्हणाली गेलं. तिघांत जाणकार एकटा मी, आणि बहुमत त्यांचं. बूस्टर बदलायला लावला. मिस्त्री म्हणाला, साहेब, चांगला पार्ट काढताय. वीस वर्षांची ओळख म्हणून ऐकून घेतलं.

१५ जानेवारी
नवा बूस्टर. कापूस तसाच. जुनाच पुसून बसवलास, असं मिस्त्रीला चारचौघांत सुनावलं. चोर म्हटलं. तो फडक्याला हात पुसत राहिला. खरं असल्याशिवाय माणूस गप्प बसतो का?
डेपोतला पैलवान आठवला. ड्रायव्हर होता, अंगानं दांडगा, म्हणून पैलवान. रोज तक्रार लिहायचा: पेडल लागत नाही. रोज मी तपासायचो, पेडल एक नंबर. शेवटी रिपोर्ट दिला: पेडलमध्ये दोष नाही. दोष चालकात. खाली पेन्सिलनं, नाचता येईना अंगण वाकडे. मॅनेजर पोट धरून हसले होते. पैलवानाला बसवरून उतरवून गेटवर बसवलं. पुढे त्याच्या पायाचं काहीतरी झालं म्हणे. ते माझं खातं नव्हतं. मुद्दा एवढाच, की दोष कशात आहे हे मला ओळखता येतं.

१८ जानेवारी
पाय गार पडतात म्हणून काल गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपलो. सकाळी तळव्याला हा एवढा फोड. ही ओरडली, मला मात्र काही दुखलं नाही. सहनशक्ती पहिल्यापासून दांडगी. ही म्हणते, शुगर आहे, डॉक्टरकडे चला. शुगर कुणाला नाही? आधी गाडी, मग मी.

२० जानेवारी, सकाळी ९.१५
शाळेच्या फाटकाशी ब्रेक दाबला. खात्रीनं दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. वॉचमन स्टुलावरून उठला नसता तर! स्टुलाचे तुकडे झाले. नात मागे किंचाळत होती.
वॉचमननं खिडकीतून आत पाहिलं आणि म्हणाला, साहेब, पाय ॲक्सिलरेटरवर आहे तुमचा. अजून आहे. खाली पाहिलं. होता.
नात उतरून पळाली. टाटा केला नाही.
पेडलं फार जवळजवळ लावतात.

२१ जानेवारी
डॉक्टरीणबाईंकडे नेलं मला. नेलंच म्हणायचं, दोन्ही बाजूंनी धरून. बाई म्हणाल्या, डोळे मिटा, तळव्याला हा नायलॉनचा ताठ दोरा टोचला की हो म्हणा. मिटले. वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. शेवटी म्हटलं, बाई, करा ना सुरू. त्या म्हणाल्या, उजवा पाय झाला.
कापसासारखं केव्हापासून वाटतंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन जानेवारी. ही म्हणाली, वर्ष झालं.
किल्ली सूनबाईनं मागितली नाही. मीच टेबलावर ठेवली.

२३ जानेवारी
मिस्त्रीनं गाडी पुन्हा तपासली. कागदावर लिहिलं होतं: पेडलमध्ये दोष नाही. पुढचं वाक्य लिहिलं नव्हतं. मी कागद उलटूनही पाहिला.
माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, साहेब, चहा घ्या.
संध्याकाळी डेपोतल्या जुन्या क्लार्कला फोन लावून पैलवानाचा नंबर मागितला. तो म्हणाला, कुठल्या जगात आहात? गुडघ्याखाली पाय कापला होता त्याचा. जाऊन सहा वर्षं झाली.
मी त्याचा पाय कधी पाहिलाच नाही. रोज पेडल पाहिलं. लाज वाटते.

२४ जानेवारी, सकाळी ८.५०
सूनबाईनं गाडी चालवली. मी मागे, नातीशेजारी. नात खिडकीला चिकटून बसली होती. सूनबाई बरी चालवते, पण सिग्नलला उशिरा ब्रेक मारते. दोनदा माझाच पाय खाली दाबला गेला, सवयीनं.
दुसऱ्या वेळी नात रडायला लागली. मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, आजोबा, माझ्या पायावरचा पाय काढा ना.