बाराव्या पायरीवर

शिरूर,
१८ एप्रिल २००१

ती. आप्पा यांस, करुणाचा सविनय जय भीम.

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. चौदा तारखेला कुरकुंभला तुमच्या फायर स्टेशनच्या कार्यक्रमात तुम्ही पाठीवर वाळूचं पोतं घेऊन शिडी चढलात आणि मध्येच थांबून आम्हाला हात केलात, असं मी कौतुकानं लिहिलं. इथं आत्यालाही तेच सांगितलं. पण तुमचं दुसरं कोपर शिडीत अडकवलेलं होतं, हे काल आठवलं. दम लागला की कोपर अडकवायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. संध्याकाळी जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमही घेतलं नाहीत. बूट चावतोय म्हणालात. पायात तर चपला होत्या.

आप्पा, खरं कळवा. आईला अजून काही बोलले नाही. तुमच्या मायेवरच आमचं सगळं चाललंय.

आपली,
करुणा


दौंड,
२१ एप्रिल २००१

चि. करुणास, जय भीम व अ. उ. आ.

पत्र वाचून हसलो. बापाच्या चपला तपासतीस, तू मास्तरीण न्हाई, फौजदारच व्हायला पायजे. अगं, शेजारचे मच्छिंद्रराव माझ्याच वयाचे. रेल्वे स्टेशनचा पूल चढताना दोनदा टेकतात, त्यांची भाजीची पिशवी मीच वर नेतो. डॉक्टरसुद्धा म्हणाले, तुमच्या वयाच्या चारचौघांत तुम्ही खणखणीत.

आन् थांबलो ते का, सांगू? तू शाळेत जायच्या आधी तुला पाठीवर बांधून सरावाची शिडी चढायचो. पायरीला एक अंक, असं मोजायला शिकलीस. एकोणीस आलं की तुझी गाडी अडायची. अठरा, की एकदम वीस! बरोबर म्हणेपर्यंत मी पाय उचलत नसे. परवा तिथंच पाय थांबला बघ, जुनी सवय.

आईच्या कानावर काही घालू नकोस. अभ्यास कर, बापावर जीव ठेव.

तुझा,
आप्पा


शिरूर,
२४ एप्रिल २००१

ती. आप्पा यांस, करुणाचा सविनय जय भीम.

एकोणिसाचं वाचून डोळे भरून आले. तुमच्या शर्टाला धुराचा वास यायचा. तुमचा श्वास माझ्या पोटाला लागायचा, एकसारखा, संथ. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

परवा मीही खालून मोजत होते, सवय माझीही तीच. तुम्ही बाराव्या पायरीवर थांबलात. बाराला मी कधीच अडले नव्हते.

चारचौघांत तुम्ही खणखणीत असालही. पण चारचौघं पेटलेल्या घरात शिरत नाहीत. मच्छिंद्रकाका पुलावर टेकले तर भाजी घरी उशिरा पोहोचते, एवढंच. तुमच्या पाठीवर तेव्हा मी होते. उद्या दुसऱ्या कुणाची तरी लेक असेल.

आपण दोघं दवाखान्यात जाऊ. तुम्ही आला नाहीत, तर मी एकटी तुमच्या साहेबांकडे जाईन. राग आला तर येऊ द्या, लोभ मात्र होता तसाच राहू द्या. पहिल्या एस.टी.नं दौंडला येते, सोमवारी, तीस एप्रिलला.

आपली,
करुणा