नव्या सुनेची जीभ

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि सासूला पत्र लिहायची बुद्धी मला आज होतेय. हसू नका! भीती वाटतेय, आणि हे जिवंत माणसाला सांगायचं धाडस नाही.

तुमच्या नातसुनेला, माझ्या रूपालीला, सातवा महिना लागलाय. पाय सुजलेत, बीपी वाढलंय. काल अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कोणतं पिता?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "पूर्णेच्या झिऱ्याचं. गोड हाय."

रूपाली खाली मान घालून म्हणाली, "आई, मले तं पयल्या दिवसापासून खारं लागून राह्यलं. तुमी गोड म्हणल्या, मंग मी काय बोलू?"

माझ्या पायाखालची वाळू सरकली हो!

पंधरा दिवस झाले, नळाला पाणी नाही. आपल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी म्हणजे नुसतं मीठ. म्हणून तुमच्यासारखीच नदीत गेले, हातानं वाळू उकरून झिरा काढला. पण गोडं पाणी धरून ठेवणारी वाळू तरी कुठे उरलीय? तुमच्या डांगरवाडीचे, खरबूज-टरबुजांचे वेल जिथे पसरायचे, तिथे वाळू उपसणाऱ्यांच्या जेसीबीनं मातीपर्यंत खरवडलंय. तरी पाणी झिरपलं. पहिली ओंजळ नदीला परत घातली, दुसरी चाखली. गोड लागली. आणि तोच हंडा पोटुशी सुनेपुढे ठेवला.

मी परतवाड्याकडून नवरी होऊन आले, तेव्हा प्रत्येक नवा झिरा तुम्ही आधी मला चाखायला लावायच्या. "इची जीभ अजून गोड्या पाण्याची हाय," असं बायांना सांगायच्या. मला वाटायचं, नवीन सुनेची थट्टा चाललीय. थट्टा नव्हती ना ती? खाऱ्या पाण्यावर जगलेल्या जिभेला खारं कळत नाही, हे सरळ सांगितलं का नाही? तीस वर्षांत माझीही जीभ तशीच झाली, मला पत्ताच नाही. उलट रूपाली चांदूर बाजारची, गोड्या पाण्यावर वाढलेली. तिला एकदा विचारायचं तरी!

सकाळपासून तिच्या पायांकडेच बघतेय. बोट दाबलं की खळगा पडतो आणि भरायला वेळ लागतो. उद्या पुन्हा अकोल्याला जायचंय. बाळाचे ठोके तपासणार आहेत. आत्याबाई, फार भ्यालेय मी.

शब्द देते. यापुढे पाणी आधी रूपाली चाखेल. तिनं तोंड वाकडं केलं तर हंडा तिथंच उपडा करीन, आणि जिच्यासमोर तिला "खारं हाय" म्हणता येईल अशी सासू होईन. फक्त उद्या ते ठोके ऐकू येऊ देत.

तुमची सून,
शोभा