दहा मण्यांचं पाकीट

३ फेब्रुवारी

चि. भानगडीस,
अ. आ. वि. वि.

बाबा जेवतात का ते लिही. आई गेल्यापासून तुझ्या पत्रात एकही खोडी नाही, त्याची जास्त काळजी वाटते. म्हणून एक काम देते.

पेशीत निरोप पोचवणारं एक प्रथिन आहे. त्याला एक खोबण असते. दुसऱ्या प्रथिनाच्या लांबलचक माळेतले फक्त चार मणी, म्हणजे अमिनो आम्लं, ती ओळखते आणि धरते, तेही ठरलेल्या क्रमात, आणि पहिल्यावर फॉस्फेट असेल तरच. ते चार मी चार वर्षं शोधतेय. आता सापडलेत असं वाटतं. ते चार ज्यात आहेत तो दहा मण्यांचा तुकडा खोबणीला घट्ट चिकटतो. खात्रीसाठी तेच दहा मणी विस्कटून घालायचे. ते खोबणीला चिकटले नाहीत, तर मी खरी. मीच विस्कटले तर हात माझ्या बाजूने वळेल. दहा नावं सोबत आहेत. चिठ्ठ्या टाकून क्रम लाव, पाकीट बंद कर. मी न उघडताच मणी जोडणाऱ्या यंत्रवाल्याला देईन.

लोभ आहेच, वाढवायचा प्रश्न नाही.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा जेवतात. परवा मुद्दाम मीठच घातलं नाही. हूं नाही की चूं नाही. मग मीपण तसंच गिळलं.

आपल्या दुकानात शिलाईमास्तरांच्या कोटाची सगळी बटणं काढून उलट्या बाजूला लावली. ते तसाच घालून घरी गेले. कोणी हसलं नाही. मी पण नाही.

पाकीट सोबत. उघडायचं नाही म्हणालीस ना, मग बघ हं.

लोभ आहे तेवढा पुरे.
तुझी भानगड

२० मार्च

चि. भानगडीस,
अ. आ.

विस्कटलेलेही चिकटले. तेवढेच घट्ट. तीनदा करून पाहिलं. म्हणजे खोबण काही ओळखत नाही, येईल त्याला धरते. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, असं होतं कधीकधी. मी म्हटलं, हो.

महिनाअखेरीला इथली संशोधनाची जागा सोडतेय, अर्ज दिलाय. कप्पे रिकामे केले. रडू येईल वाटलं होतं, पण भूक लागली.

लोभ असू दे.
ताई

२४ मार्च

ताई,

मायना राहू दे. जागा सोडू नकोस!

मी चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या. शेवटचे तीन मणी उचलून पुढे ठेवले, बाकीचे सात जसेच्या तसे. तुझे चार त्या सातात असणार, म्हणून चिकटले. मला वाटलं तू पाकीट उघडशीलच, पहिल्या ओळीत पकडशील आणि दोन पानं शिव्या येतील. घरात आता कोणी ओरडतच नाही गं. बाबांचे जोडे लपवले तर ते चपला घालून जातात.

या वेळी खऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. बाबांना उचलायला लावल्या. कशाला, म्हणाले. मी सांगितलं, ताईचं चार वर्षांचं काम बुडवलंय मी. त्यांनी चष्मा पुसला, दहाही उचलल्या आणि कागद माझ्या हातातून घेऊन क्रम स्वतःच लिहिला.

लोभाचं तू ठरव.
भानगड

१९ एप्रिल

भानगडीस,

तुझं पत्र जिन्यात वाचलं आणि तसंच जाऊन अर्ज मागे घेतला. सरांनी कारण विचारलं, खरं ते सांगितलं. ते पोट धरून हसले.

बाबांच्या क्रमातले दहा घातले. चिकटले नाहीत. पुन्हा घातले. नाहीच. मी खरी होते. आनंद होईल म्हणून स्टुलावर बसून राहिले. झाला नाही.

मग यंत्रवाल्याकडून तुझा जुना कागद मागून घेतला. शेंबड्या पोरानेही पकडलं असतं. प्रयोग तीनदा केला, पण हा कागद बघावा असं एकदाही सुचलं नाही मला. सोडून द्यायला कारणच हवं होतं जणू. आणि एकदम इतका राग आला की हातातली नळी खाली ठेवावी लागली. तुझा, माझा, आणि दुखणं शेवटपर्यंत लपवणाऱ्या आईचा. बेसिनशी उभी राहून रडले.

शिव्यांची दोन पानं लिहून झालीत, पण पोस्टात टाकत नाही. रविवारी घेऊन येतेय. समोर बसून ऐकायच्या. बाबांनाही बसव.

लोभ रविवारपर्यंत बंद.
तुझी ताई